सिडनीचं ऑपेरा हाउस आणि न आलेली उत्तरं

ज्यांच्या फोनमध्ये ‘साइट अपडेट्स’, ‘ड्रॉइंग फायनल’ किंवा ‘ड्रॉइंग फायनल २’ अशा नावाचा एखादा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यांना आजचा भाग जरा जवळचा वाटेल. बाकीच्यांनीही ऐका. कारण गोष्ट ज्या इमारतीची आहे ती तुम्ही तिथे न जाताही शंभरदा पाहिली आहे. ऑस्ट्रेलियात मॅच असली की टीव्हीवर वरून शहर दाखवतात ना, तेव्हा पाण्याकाठी पांढरी शिडं दिसतात. तेच, सिडनीचं ऑपेरा हाउस.

या इमारतीची गोष्ट सहसा ‘बिचारा कलावंत आणि खडूस मंत्री’ अशी सांगतात. त्यात तथ्य आहे, पण मला ती मांडणी अपुरी वाटते. मला त्यात आधी दिसते ती एक टीम. आर्किटेक्ट डेन्मार्कमध्ये, इंजिनियर लंडनमध्ये, पैसे देणारं सरकार आणि साइट सिडनीत. तीन देश, आणि मध्ये पत्रं, तारा, महागडे फोन. आज आपण ज्याला व्हर्च्युअल टीम म्हणतो ती हीच की! फक्त इंटरनेट नव्हतं. ही टीम सुरुवातीला झकास चालली आणि नंतर अशी तुटली की आर्किटेक्टने स्वतःची इमारत पूर्ण झालेली कधी पाहिलीच नाही. ती कशी तुटली हे बघताना आपल्या हातातल्या फोनबद्दल बरंच काही कळतं, म्हणून आजचा विषय.

तर, २९ जानेवारी १९५७. न्यू साउथ वेल्स सरकारने ऑपेरा हाउससाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली होती. २३३ डिझाइन्स आली. जिंकला यॉर्न उत्झॉन नावाचा ३८ वर्षांचा डॅनिश आर्किटेक्ट. हेलेबेक नावाच्या छोट्या गावात राहणारा, फारसं नाव नसलेला. त्याचे वडील जहाजांची डिझाइन्स करायचे. सिडनीला तो तोवर कधी गेला नव्हता. बंदराचे समुद्री नकाशे बघून त्याने जागा समजून घेतली. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम रिमोट!

बातमी आल्यावर लंडनहून एका इंजिनियरने त्याला अभिनंदनाचं पत्र लिहिलं आणि मदत देऊ केली. नाव ओव्ह अरुप. आपल्याला ऐकून कोणी बंगाली बाबू वाटेल, पण हा गृहस्थ इंग्लंडमध्ये जन्मलेला, डॅनिश वडिलांचा मुलगा. तेव्हा वय साठीच्या पुढे, स्वतःची नावाजलेली फर्म. दोघांनाही डॅनिश येत होती. हे बारीकसं वाटतं, पण नाही. दूर बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचे विनोद कळणं ही फार मोठी गोष्ट असते. पुढची काही वर्षं हेलेबेक आणि लंडन यांच्यात जे काम झालं त्याच्या मुळाशी ही ओळख होती.

इथे एक मिनिट थांबते. १९९६ मध्ये डेब्रा मायरसन, कार्ल वाइक आणि रॉडरिक क्रेमर या तिघा अभ्यासकांनी एक कल्पना मांडली. सिनेमाच्या युनिटसारख्या तात्पुरत्या टीममध्ये विश्वास हळूहळू मुरायला वेळच नसतो, त्यामुळे लोक एकमेकांवर चटकन, जवळजवळ उधारीवर विश्वास टाकतात. तू आर्किटेक्ट आहेस ना, मग तुला तुझं काम येत असणार, चला कामाला लागू. नंतर १९९९ मध्ये सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लाइडनर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या, कधीही न भेटलेल्या विद्यार्थ्यांच्या टीम अभ्यासल्या. तिथेही हा झटपट विश्वास दिसला, पण तो नाजूक निघाला. सुरुवातीच्या गप्पा आणि उत्साह यांनी तो जमायचा. पुढे टिकायचा तो मात्र एकाच गोष्टीवर: समोरच्याकडून वेळेवर आणि कामाचं उत्तर येतं की नाही. नुसत्या गप्पांवर तो टिकत नव्हता.

आता परत सिडनीला चला, कारण गडबड तिथे सुरू झाली होती.

जो कॅहिल हे तिथले प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. विरोधक सत्तेवर आले तर प्रकल्प गुंडाळतील ही त्यांना धास्ती. म्हणून डिझाइन पूर्ण नसताना, मार्च १९५९ मध्ये त्यांनी काम सुरू करायला लावलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. पण खालचा चौथरा उभा राहू लागला होता, आणि वरची शिडं नेमकी कुठल्या आकाराची, त्यांचं वजन किती, हे कोणालाच माहीत नव्हतं! पुढे व्हायचं तेच झालं. छताच्या वजनाला पुरणार नाहीत म्हणून आधी बांधलेले काही खांब फोडून पुन्हा बांधावे लागले. आपल्याकडे स्लॅब पडल्यावर आर्किटेक्ट म्हणतो की अहो, इथे डक्ट होता, तेव्हा आरसीसी कन्सल्टंटचा चेहरा कसा होतो? ते चित्र शंभरपट मोठं करून बघा.

शिडांचा आकार हा खरा डोकेदुखीचा भाग. उत्झॉनने काढलेला आकार हाताने काढलेला होता, गणितात बसत नव्हता. लंडनमध्ये आधी पॅराबोला धरून हिशेब झाले, मग लंबगोल, एकामागून एक प्रयत्न, कितीतरी वर्षं. अरुपच्या फर्मने कॉम्प्युटर वापरला, जो त्या काळी इमारतीच्या कामात फारच नवा होता. शेवटी १९६१ मध्ये उत्तर सापडलं: सगळी शिडं एकाच, ७५ मीटर त्रिज्येच्या गोलाचे तुकडे समजायची. एकच वक्रता असल्यामुळे थोड्या साच्यांतून काँक्रीटचे तुकडे आधी ओतून ठेवता येणार, टाइल्सची मांडणीही सोपी होणार. वर दहा लाखांहून जास्त टाइल्स बसल्या, त्या स्वीडनहून आल्या.

मग ही युक्ती सुचली कोणाला? उत्झॉन म्हणायचा, मला. इंजिनियरांच्या आठवणीत गोष्ट इतकी सरळ नव्हती. किती वर्षांची खटपट, किती लोकांचे हिशेब. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. मला वाटतं दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. दोन शहरांत बसून काम करताना प्रत्येकाला आपल्या खोलीत काय झालं ते लख्ख आठवतं आणि दुसऱ्या खोलीतलं काहीच दिसत नाही. आज आपण ग्रुपमध्ये वर स्क्रोल करून कोण आधी काय बोललं ते काढू शकतो. चांगली सोय आहे. पण त्याच सोयीचा स्क्रीनशॉट होतो आणि तो भलत्या माणसाकडे पोचतो, हेही आपण जाणतो.

याच सुमारास आणखी एक बदल झाला, ज्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. लंडनमध्ये या प्रकल्पाची धुरा एका इंजिनियरकडून दुसऱ्याकडे, जॅक झुन्झ यांच्याकडे आली. झुन्झ अतिशय समर्थ माणूस, छत प्रत्यक्षात आणण्यात त्यांचा मोठा वाटा. पण उत्झॉनचा विश्वास होता ओव्ह अरुप या माणसावर, त्या डॅनिश बोलणाऱ्या, वडीलधाऱ्या माणसावर. ‘अरुप आणि पार्टनर्स’ या कंपनीवर तितकाच होता का? विश्वास असा लेटरहेडवरून आपोआप पुढे जात नाही. ग्रुपमध्ये ‘अमुक लेफ्ट, तमुक अॅडेड’ एवढी एक करडी ओळ येते आणि आपल्याला वाटतं हँडओव्हर झाला!

त्यात उत्झॉन पत्रांना उत्तरं देण्यात ढिला पडत गेला. १९६२च्या शेवटी त्याने डेन्मार्क सोडलं आणि कुटुंबासह प्रवास करत १९६३ मध्ये सिडनीला पोचला. तो वाटेत असताना त्याच्याशी संपर्क ठेवणं इंजिनियरांना अवघड गेलं, आणि पुढेही त्याची उत्तरं उशिरा येण्याच्या तक्रारी चालूच राहिल्या. त्याच्या बाजूने बघितलं तर तो डिझाइन करत होता, सुटलेलं नसताना काय लिहिणार? इंजिनियरांच्या बाजूने बघितलं तर खाली कॉन्ट्रॅक्टर उभा आहे आणि ड्रॉइंग नाही. गंमत म्हणजे ब्रिटनशी जोडणारी समुद्राखालची टेलिफोन केबल त्याच १९६३च्या शेवटी ऑस्ट्रेलियाला पोचली. तंत्रज्ञान आलं तोवर माणसं बोलेनाशी झाली होती.

पत्राच्या काळात गप्प बसण्याला एक आडोसा होता. पत्र वाटेत असेल, पोस्टात अडकलं असेल, साहेब गावाला गेले असतील. शंकेचा फायदा देता यायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपवर निळ्या टिका आल्या आणि हा आडोसा गेला. आता दिसतं की साहेबांनी ११ वाजून ४ मिनिटांनी वाचलं आहे आणि सहा वाजले तरी उत्तर नाही. लोक म्हणतात यामुळे पारदर्शकता आली. आली, पण काय दिसतं? त्याने वाचलं एवढंच दिसतं. तो कॅल्क्युलेशन पुन्हा तपासतोय की टाळतोय, हे दिसत नाही. ती मोकळी जागा आपण आपल्या संशयाने भरतो. तुम्ही म्हणाल, टिका बंद करता येतात. येतात, पण मग ‘याने टिका का बंद केल्या’ हा नवा संशय!

१९६५च्या मे महिन्यात न्यू साउथ वेल्समध्ये सरकार बदललं. डेव्हिस ह्यूज सार्वजनिक बांधकाम मंत्री झाले. खर्च वाढलेला, तारीख उलटलेली, आणि वर्तमानपत्रांना रोजचा खाऊ मिळालेला. कार्टून, अग्रलेख, वाचकांची पत्रं. प्रकल्पाचा प्रत्येक अंतर्गत प्रश्न शहराच्या चहाच्या टेबलावर चघळला जात होता. ह्यूज यांनी पैशांची सूत्रं हातात घेतली. कामाची पूर्ण ड्रॉइंग्ज दाखवा, मग पैसे. उत्झॉनला आतली छतं प्लायवूडची करायची होती आणि त्यासाठी आधी खऱ्या मापाचे नमुने बनवून बघायचे होते. त्याला परवानगी मिळेना. आणि प्लायवूडच्या त्या रचनेबद्दल इंजिनियरांच्या मनात शंका होत्या, त्या मंत्र्यांपर्यंत पोचल्या.

यात इंजिनियरांचा दोष किती, यावर आजही भांडणं होतात. त्यांची जबाबदारी सरकारकडेही होती, आर्किटेक्ट म्हणजे त्यांचा मालक नव्हता. शंका असेल तर ती सांगणं हे त्यांचं कामच. पण उत्झॉनला काय वाटलं असेल ते समजायला इंजिनियर असायची गरज नाही. ज्याच्याबरोबर आठ-नऊ वर्षं काढली, तो माझ्या डोक्यावरून वर बोलला.

माझी एक मैत्रीण पुण्यात बीआयएमचं काम करते. म्हणजे परदेशातल्या इमारतींचं थ्री-डी मॉडेल इथे बसून बनवायचं. भिंती, बीम, पाइप, एसीचे डक्ट सगळं एकात, आणि काय कशावर आदळतंय ते साइटवर कळण्याआधी शोधायचं. या कामासाठी अधिकृत पोर्टल असतं, प्रत्येक प्रश्नाला नंबर आणि तारीख. तिला विचारलं, मग व्हॉट्सअॅप कशाला? ती हसली. म्हणाली, ‘‘अगं, पोर्टलवर प्रश्न टाकला की तो प्रश्न राहत नाही, तक्रार होते.’’ तिच्या प्रोजेक्टचे तीन ग्रुप आहेत. पहिल्यात क्लायंट आहे. तिथे गुड मॉर्निंग, फोटो आणि अंगठे. दुसऱ्यात क्लायंट नाही. तिथे खरे प्रश्न. तिसऱ्यात आर्किटेक्टही नाही. तिथे खरी मतं. ‘‘आणि सगळ्यांना माहितीये की तिसरा ग्रुप आहे,’’ ती म्हणाली, ‘‘आर्किटेक्टलासुद्धा.’’

१९६५ मध्ये तिसरा ग्रुप म्हणजे मंत्र्यांच्या ऑफिसात झालेली चर्चा किंवा परस्पर गेलेला कागद होता. त्याला वेळ लागायचा, हिंमतही लागायची. आता तो दोन बोटांत तयार होतो. सोशल मीडियाने विश्वास कमी केला असं सरसकट मी म्हणणार नाही, कारण याच फोनवर मुलाच्या बारशाचा फोटो टाकून कधी न भेटलेल्या सुपरवायझरशी ओळख होते आणि मग रात्री दहाला ‘दादा, जरा सळईचा फोटो टाकता का’ म्हणता येतं. स्लॅब भरायच्या आधीचं ते चेकिंग त्या ओळखीवर चालतं. माझा आक्षेप प्रेक्षकांना आहे. बघणारे वाढले की माणूस शंका विचारत नाही, बाजू मांडतो. आणि शंका न विचारलेली इमारत ही फार महागात पडणारी वस्तू आहे.

बरं, हे नुसतं भावनांचं प्रकरण राहिलेलं नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात एका कोर्टाने मोबाइलवर पाठवलेला अंगठ्याचा इमोजी म्हणजे कराराला होकार, असं धरलं. तो जवसाच्या खरेदीचा व्यवहार होता. बांधकामातलं उदाहरण हवं असेल तर २०२५चं बघा: इंग्लंडमध्ये बांधकामाचे खटले चालवणाऱ्या कोर्टासमोर नॉर्विचमधल्या एका जुन्या नाइटक्लबच्या पाडकामाचा वाद आला. व्हॉट्सअॅपवरच्या संभाषणातूनच करार झाला होता, असा निकाल लागला. म्हणजे जो ग्रुप आपण कट्टा समजतो, तो स्टॅम्प पेपर निघू शकतो. हे कळल्यावर लोक कट्ट्यावर पूर्वीसारखं बोलतील का?

२८ फेब्रुवारी १९६६. थकलेली फी, अडवलेले नमुने, मंत्र्यांशी खटके, या सगळ्यानंतर उत्झॉनने राजीनामा दिला. त्याची समजूत अशी होती की त्याच्याशिवाय काम पुढे जाऊच शकणार नाही, आणि अरुप त्याच्याबरोबर बाहेर पडेल. अरुपची फर्म थांबली. तिच्या मते अर्धवट छत सोडून जाणं योग्य नव्हतं. उत्झॉनने याला दगा मानलं. काही दिवसांत, ३ मार्चला, हजारभर लोकांनी सिडनीत मोर्चा काढला, त्याला परत आणा म्हणून. म्हणजे जनमत त्याच्या बाजूनेही होतं. पण मोर्चा निघाल्यावर मंत्री मागे सरकू शकत नाही, आणि आर्किटेक्टही. दोघांनाही आता लोक बघत होते. एप्रिलच्या शेवटी उत्झॉन कुटुंबासह देश सोडून गेला. त्याच १९६६ साली ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं ओव्ह अरुपला. उत्झॉनला ते मिळायला १९७८ उजाडलं.

पुढे काय झालं? पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतलं काम पूर्ण केलं. हॉल यांच्यावर आयुष्यभर टीका झाली, जी मला अन्यायाची वाटते. दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घेणाऱ्याला कोणी टाळ्या देत नाही. मोठा हॉल ऑपेरा आणि मैफल दोन्हींसाठी होता, तो फक्त मैफलीचा केला. तिथे बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली. ऑपेरा लहान हॉलमध्ये गेला. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध ऑपेरा हाउसमध्ये ऑपेरा धाकट्या खोलीत, हा त्या तुटलेल्या टीमचा हिशेब. दुसरा हिशेब पैशांचा: सुरुवातीचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, शेवटचा खर्च १० कोटी २० लाख. २० ऑक्टोबर १९७३ला राणी एलिझाबेथ यांनी उद्घाटन केलं. उत्झॉन तिथे नव्हता.

पण गोष्टीला एक शेपूट आहे, आणि मला ते सगळ्यात आवडतं. १९९९ मध्ये ऑपेरा हाउसने उत्झॉनला पुन्हा विचारलं. तो ऐंशी ओलांडलेला, स्पेनच्या मायोर्का बेटावर राहणारा. पुढच्या बदलांसाठी मार्गदर्शन कराल का? तो हो म्हणाला, पण सिडनीला आला नाही. म्हणजे पुन्हा रिमोट! या वेळी मध्ये दोन माणसं होती: त्याचा आर्किटेक्ट मुलगा यान, आणि सिडनीचे आर्किटेक्ट रिचर्ड जॉन्सन. २००२ मध्ये उत्झॉनने इमारतीची डिझाइन तत्त्वं लिहून काढून दिली, म्हणजे त्याच्या डोक्यात काय होतं ते पहिल्यांदा सगळ्यांच्या हातात आलं. २००४ मध्ये त्यातली एक खोली त्याच्या डिझाइनप्रमाणे तयार झाली. तिला उत्झॉन रूम म्हणतात. आत बंदराकडे उघडणारी काच आहे आणि समोरच्या भिंतीवर त्याने डिझाइन केलेली मोठी रंगीत टॅपेस्ट्री. २००७ मध्ये इमारत जागतिक वारसा यादीत गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. ती खोली त्याने फोटोत पाहिली असणार, प्रत्यक्षात नाही.

तुमच्या साइटवर तिसरा ग्रुप आहे का? नावं न घेता, व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवते.